लग्न कुठं लिहिलंय?

बाबा गेले त्याला तीन महिने झाले होते. आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन आम्ही दोघी एका कार्यालयात बसलो होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी कागद वरखाली केले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अम्मा, तुमचं लग्न कुठं लिहिलंय?"

आईला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "लिहायचं कशाला? जिंतूरला झालं. सगळा गाव जेवला."

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर कागदच तसे होते. बाबांच्या नोकरीच्या पुस्तकात पत्नीचं नाव दोन अक्षरी. आईच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, आणि त्यावर नाव चार अक्षरी, आडनावही वेगळं. ही बाई तीच, हे सांगणारा तिसरा कागद त्यांना हवा होता. १९६४ च्या वैशाखात, नेमगिरीच्या पायथ्याशी, जिंतूरच्या मांडवात, तांदूळ पसरलेल्या ताटात बाबांनी सोन्याच्या अंगठीनं आईचं नवं नाव लिहिलं. मग कुणीतरी ते ताट उचलून आत नेलं आणि ते तांदूळ डब्यात गेले. आईच्या नाव बदलण्याची एवढीच काय ती लेखी नोंद.

घरी आल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर आईचं माहेरचं नाव, 'चि. सौ. कां.' लावून. आजोबांची खर्चाची वहीही सापडली. पहिल्या पानावर 'श्री महावीराय नमः', आणि मधल्या एका पानावर लग्नखर्च मांडलेला. साखर, तूप, मांडवाचे बांबू, वाजंत्री, उपाध्यांची दक्षिणा, मंदिराला दिलेली देणगी, सगळं आण्यापैशांसकट. आणि त्यात एक ओळ : 'सुनेस पातळे ३.' साखर किती, तूप किती ते कळतं. सुनेचं नाव काय ते कळत नाही. आजोबा वाईट माणूस नव्हते. आईवर त्यांची माया होती. पण वही हिशोबाची होती, आणि हिशोबात सुनेला नावाची गरज नव्हती.

त्या रात्री मला राहून राहून आमच्या कॉलेजची आठवण येत होती.

मी कोठीच्या विमेन्स कॉलेजात शिकले. हैदराबादबाहेरच्या मैत्रिणींना सांगते, आपल्या मराठीत कोठी म्हणजे धान्य साठवायची जागा. इथली कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंटचा वाडा. त्याच्यावरूनच या सगळ्या भागाला नाव पडलं. आजचा सुलतान बाजार हा त्या वेळचा रेसिडेन्सी बाजार. आमच्या काकांचं कापडाचं दुकान तिथंच होतं, म्हणून बाबा परभणीकडून नोकरीला इकडे आले आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तरी इथलेच होऊन राहिले. १९४९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचं मुलींचं कॉलेज त्या वाड्यात आलं. आता त्याचं विद्यापीठ झालंय, चाकली ऐलम्मांच्या नावाचं. आम्ही बावीस पायऱ्या चढून, दोन दगडी सिंहांच्या मधून, सहा प्रचंड खांबांखालून आत जायचो. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे खाल्ले, नोट्स उतरवल्या, आणि ज्या बाईमुळे हा वाडा ओळखला जातो तिची गोष्ट एकमेकींना सांगितली. सिनेमासारखी सांगितली. गोरा साहेब, हैदराबादी बेगम, अमर प्रेम.

वय वाढलं तशी ती गोष्ट मला वेगळी दिसू लागली. तिच्यातही मूळ प्रश्न आईलाच विचारला होता तो आहे : लग्न कुठं लिहिलंय?

जेम्स अॅकिलिस कर्कपॅट्रिक १७९८ पासून १८०५ पर्यंत निजामाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट होता. हा वाडा त्यानंच बांधायला घेतला. खैर-उन्-निसा ही हैदराबादच्या मोठ्या घराण्यातली मुलगी, मीर आलमच्या नात्यातली. तिच्या आईचं नाव शरफ-उन्-निसा. १८०० च्या सुमारास दोघांचा संबंध जुळला तेव्हा जेम्स पस्तिशी ओलांडलेला आणि ती चौदा-पंधरा वर्षांची. तिचं लग्न आधी दुसरीकडे ठरलेलं होतं. आज आपल्या घरातली दहावीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे 'अमर प्रेम' म्हणताना जीभ थोडी अडखळेल. जेम्सनं इस्लाम स्वीकारला आणि गुपचूप निकाह झाला. गुपचूप अशासाठी की कंपनीच्या वरिष्ठांना ते कळू द्यायचं नव्हतं. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्ली बसलेला. त्याच्यापर्यंत कुजबुज पोचली, चौकशा झाल्या, जेम्सची नोकरी जाता जाता राहिली. आणि या सगळ्यात जेम्सनं लग्नाबद्दल वरिष्ठांना बराच काळ खरं सांगितलं नाही.

आता बघा, त्या काळात कंपनीच्या राज्यात इंग्रजांची लग्नं लिहिली जात नव्हती असं मुळीच नाही. मद्रास, मुंबई, कलकत्ता इथले पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवत, आणि त्या नोंदींच्या नकला लंडनला जात. आजही त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एखाद्या साध्या शिपायानं मद्रासच्या चर्चमध्ये लग्न केलं असेल तरी त्याच्या बायकोचं नाव लंडनच्या कपाटात मिळतं. पण हैदराबादच्या रेसिडेंटच्या बायकोचं त्या वह्यांत मिळत नाही. निकाहाला त्या वहीत रकानाच नव्हता.

त्या वह्यांची चाल मुळात इंग्लंडातली. तिथं एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला किंवा वस्तीला पॅरिश म्हणतात. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये एक वही ठेवायची, दर रविवारी त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिच्यात लिहायची, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावाच्या कारभाऱ्यांकडे. दोन कुलपं का, तर एकट्यानं खाडाखोड करू नये. मला ही पेटी फार ओळखीची वाटते. आपल्या घरांतूनही दागिने आणि वह्या एकाच पेटीत असायच्या.

पुढे दोनशे वर्षं ही पद्धत कमीजास्त नेटानं चालली. पण गुपचूप लग्नंही फार होती. लंडनमध्ये फ्लीट नावाच्या तुरुंगाच्या आसपास पैसे दिले की चटकन लग्न लावून देणारे पाद्री बसलेले असत. मग कोण कुणाची खरी बायको, कुठलं मूल वारस, यावरून कज्जे होत. शेवटी १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकचा कायदा आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा किंवा परवाना काढायचा, लग्न चर्चमध्येच लावायचं, आणि वहीत नवरा, नवरी, पाद्री आणि दोन साक्षीदार यांनी सह्या करायच्या. क्वेकर आणि ज्यू यांना सूट होती. हे सगळं बायकांच्या कळवळ्यानं झालं असं समजायचं कारण नाही. जमीन आणि वारसा यांची काळजी त्यामागे होती. पण त्यातून एक गोष्ट नकळत घडली : १७५४ पासून इंग्लंडातल्या जवळजवळ प्रत्येक नवरीच्या हातची एक खूण वहीत राहिली. ज्या बायकांनी आयुष्यात दुसरं काहीच लिहिलं नाही, त्यांचीही.

पुष्कळजणींना सही येत नव्हती. त्या फुली मारत, आणि शेजारी पाद्री लिही, 'अमकीची खूण.' किती बायकांना लिहिता येत होतं याचा अंदाज इतिहासकार याच फुल्या मोजून करतात. १८४० च्या सुमारास तिथं तीनातले दोन नवरे सही करत होते. नवऱ्यांमागे नवऱ्या मात्र जेमतेम निम्म्या. म्हणजे सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा सुरू केली त्याच्या थोडं आधी, इंग्लंडातही निम्म्या नवऱ्या मुली फुलीवाल्याच होत्या. आपली आजी अंगठा लावायची याची लाज वाटून घेणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

समुद्रकाठच्या पॅरिशांच्या वह्या आणखी वेगळ्या. तिथं नवऱ्याच्या धंद्यापुढे खलाशी, कोळी, जहाजाचा सुतार असले शब्द येतात, आणि नवरीपुढे 'विधवा' हा शब्दही वारंवार भेटतो. समुद्रावर गेलेला माणूस परत येईलच असं नसतं. मुलं लहान असत, मग बाई दुसऱ्यांदा त्याच वहीत सही करी. विधवा बाईनं उजळ माथ्यानं, गावासमोर पुन्हा लग्न करायचं आणि ते लिहून ठेवायचं, ही गोष्ट आपल्याकडे १८५६ चा कायदा झाल्यावरही किती दिवस मनानं स्वीकारली नव्हती, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या समाजातल्या जुन्या बायका त्याविषयी कशा दबक्या आवाजात बोलत, तेही आपण ऐकलंय.

इंग्लंडच्या अशाच एका समुद्रकाठी, डेव्हनमधल्या टॉर्की गावी, आमच्या कोठीची एक मुलगी म्हातारी होऊन १८८९ साली वारली.

ती खैर-उन्-निसाची मुलगी. तिचा जन्म हैदराबादचा, १८०२ च्या एप्रिलमधला. नाव नूर-उन्-निसा, घरात साहेब बेगम. तिच्याहून वर्षानं मोठा भाऊ, साहेब आलम. १८०५ मध्ये दोघांना शिक्षणासाठी मद्रासहून जहाजानं विलायतेला पाठवलं. मुलगी तीन वर्षांची, मुलगा चारचा. जाण्यापूर्वी जॉर्ज चिनरी या चित्रकाराकडून दोघांचं मोठं चित्र काढून घेतलं. हैदराबादी जरीचे कपडे, टोप्या, पायांत मोजड्या. मुलगी थकलेली, डोळे सुजल्यासारखे. आईनं त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेम्स कलकत्त्याला वारला.

मुलं लंडनला पोचली. मार्च १८०६ मध्ये मेरिलबोनच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नावं बदलली. साहेब आलमचा विल्यम जॉर्ज झाला. साहेब बेगमची कॅथरीन अरोरा झाली, घरात किटी. इथं मी नेहमी थांबते. चार वर्षांची मुलगी, परकं घर, परकी भाषा, आणि एका दिवसात नाव गेलं. आपल्याकडे अठराव्या-विसाव्या वर्षी मुलींचं हेच होत आलंय. फक्त त्या पाण्याच्या जागी आपले तांदूळ.

किटीचं लग्न १८२९ मध्ये सातव्या हुसार्स पलटणीतल्या कॅप्टन जेम्स विन्स्लो फिलिप्सशी झालं. त्या सालापर्यंत इंग्लंडात वहीचे छापील फॉर्म आलेले होते. नवरा कुठल्या पॅरिशचा, नवरी कुठल्या, पुकारा की परवाना, सह्या, साक्षीदार. आईबापांच्या नावाला त्या फॉर्मात जागाच नव्हती. पुढे १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हा नवा रकाना आला : वडिलांचं नाव आणि वडिलांचा धंदा. आईचं नाव? नाही. किटीच्या मुलांच्या पिढीची लग्नं लिहिली गेली त्या फॉर्मात वर बापाची जागा होती. किटीसाठी नव्हती, मग हैदराबादच्या आजीची गोष्टच सोडा.

आणि हा रकाना कधी बदलला, सांगा पाहू? इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला २०२१ चा मे महिना उजाडला. एकशे चौऱ्याऐंशी वर्षं तिकडच्या प्रत्येक नवरीला बाप होता, आई नव्हती. आपण उगाच समजतो की तिकडे सगळं आधीपासून बरोबर आहे. आपल्या महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवलाय. म्हणजे दोन्हीकडे आई कागदावर आली ती आपल्या डोळ्यांदेखत.

किटीच्या मनातून मात्र आई गेली नव्हती. १८४० च्या सुमारास ती बर्कशायरमधल्या स्वॅलोफील्ड इथल्या घरी गेली. ते घर हेन्री रसेलचं. हा रसेल जेम्सचा हाताखालचा माणूस, नंतर स्वतः हैदराबादचा रेसिडेंट झालेला. जेम्स गेल्यावर विशीतल्या विधवा खैर-उन्-निसाशी यानंच संबंध ठेवला आणि मग तिला वाऱ्यावर सोडलं. बदनामीपायी तिला हैदराबादेत परत येता येईना, म्हणून ती काही वर्षं मच्छलीपट्टणच्या समुद्रकाठी राहिली. १८१३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, ती वारली. त्या रसेलच्या घरात भिंतीवर किटीला स्वतःचंच लहानपणचं चित्र दिसलं, चिनरीनं काढलेलं. ती रडू लागली. आणि तिथंच तिला कळलं की हैदराबादेत आपली आजी, शरफ-उन्-निसा, अजून जिवंत आहे.

मग पत्रं सुरू झाली. किटी इंग्रजीत लिही, आजी फारशीत लिहवून घेई. कोठीच्या रेसिडेन्सीतल्या एका अधिकाऱ्यानं, डंकन माल्कमनं, मध्ये राहून ती पोचवली. आजीनं सोन्याची पूड शिंपडलेल्या कागदावर उत्तर धाडलं आणि सोबत किटीच्या आईच्या केसांची बट. जवळपास सहा वर्षं हा पत्रव्यवहार चालला. आजी १८४७ मध्ये गेली. दोघींची भेट झाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जेम्सनं मृत्युपत्रात खैर-उन्-निसाबद्दल फार आदरानं लिहिलंय, प्रेमानंही लिहिलंय. पण बायको म्हणून नाही. मुलांची आई म्हणून. आणि मुलांना त्यानं जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचा त्या काळचा अर्थ होता लग्नाबाहेरची मुलं. निकाह करून, धर्म बदलून, इतका मोठा वाडा बांधून, ऐन वेळी कागदावर तो कंपनीचाच नोकर राहिला. मग लग्न झालं होतं हे आपल्याला कुठून कळतं? त्या काळच्या पत्रांतून, चौकशीच्या कागदांतून, आणि म्हातारपणी शरफ-उन्-निसानं जे कळवलं त्यातून. विल्यम डॅलरिम्पल यांनी २००२ मध्ये 'व्हाइट मुघल्स' हे पुस्तक लिहिलं तेव्हा असेच विखुरलेले कागद जुळवावे लागले. वहीनं जे सांगायचं, ते शेवटी एका आईनं सांगितलं.

कॉलेजमागच्या बागेत बेगमसाठी रंगमहाल होता. नंतरच्या एका इंग्रज साहेबानं तो १८६० मध्ये पाडून टाकला. त्याला त्या आठवणीचीच लाज वाटली. दरवाजा तेवढा राहिला. तिथंच वाड्याची एक छोटी प्रतिकृती आहे. पडद्यातल्या बेगमला पुढून वाडा बघता येत नव्हता म्हणून जेम्सनं तिला ती करून दिली, अशी दंतकथा आम्ही मुली सांगायचो. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीनं आता वाडा आणि प्रतिकृती दोन्ही नीट केलीत. आवारात इंग्रजांची लहानशी दफनभूमीही आहे, दगडांवर नावं कोरलेली. बेगमचं नाव आवारात कुठं असेल तर ते मुलींच्या तोंडी.

हे वाचून कुणी म्हणेल, इंग्रजांचं राहू दे, आपल्या जैनांचं काय? बरोबर आहे. आपण तर वह्यांची माणसं. पै पै लिहून ठेवणारी. हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्या उधईपासून जपणारी. आपल्या बायका कुठं लिहिल्यात?

लिहिल्यात, आणि फार आधीपासून. मथुरेला कंकाली टिला म्हणून एक टेकाड आहे. तिथल्या उत्खननात कुषाण काळातल्या, म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या, जिनप्रतिमा आणि आयागपट निघाले. पुष्कळ आज लखनौ आणि मथुरेच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावरचे लेख दान देणाऱ्यांचे आहेत आणि त्यांत बायका कितीतरी. लेखाची रीत अशी : अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी, कधी तमक्याची आई, आणि हिचं नाव हे. शिवाय जिच्या उपदेशानं दान दिलं त्या आर्यिकेचंही नाव. त्याही बायका नात्यांतूनच ओळखल्या गेल्या, हे खरं. पण नाव स्वतःचं आहे, दान स्वतःचं आहे, आणि गुरुणीही बाई आहे. मी तर म्हणते, तो दगडातला विवाहनोंदीचाच दाखला आहे. माहेर, सासर आणि स्वतः, तिन्ही एका ओळीत.

तेवढं लांब जायला नको. आमच्या तेलंगणात करीमनगरकडे कुरिक्याल गावाजवळ बोम्मलम्मा गुट्टा नावाची टेकडी आहे. तिथं दहाव्या शतकात जिनवल्लभानं संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत शिलालेख कोरवला आणि वर जिनप्रतिमा, चक्रेश्वरी खोदवली. हा कन्नडचा आदिकवी पंप याचा भाऊ. त्या लेखात वडील भीमप्पय्या आहेत आणि आई अब्बणब्बेही आहे. हजार वर्षं ऊनपाऊस खाऊन आईचं नाव तिथं आहे.

मग मध्येच कधीतरी आपली सवय तुटली. दगडावर लिहिणारे आपण खर्चाच्या वहीत 'सुनेस पातळे ३' लिहू लागलो. कायद्यानंही फार मदत केली नाही. इंग्रजांनी १८७२ मध्ये सरकारी नोंदणीच्या लग्नाचा कायदा केला, पण त्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही, जैन नाही, बौद्ध नाही, शीख नाही', अशी सगळी यादी म्हणून दाखवावी लागे. ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी सैल झाली १९२३ मध्ये. नवकार म्हणणाऱ्या कुठल्या मुलीनं रजिस्टरात नाव यावं म्हणून 'मी जैन नाही' असं सांगितलं असतं? आणि आमचा मराठवाडा तर निजामाच्या मुलखात, तिथं तो कायदाच नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे, पण नोंद नसली तरी रीतीनं झालेलं लग्न लग्नच, असं तो म्हणतो. हे बरंच आहे, नाहीतर आमच्या आयांची पिढीच्या पिढी बिनलग्नाची ठरली असती. इकडे आंध्र प्रदेशात नोंदणी सक्तीची करणारा कायदा २००२ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना तसं करायला सांगितलं ते फेब्रुवारी २००६ मध्ये. आईच्या लग्नाला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती.

तर आईच्या तिसऱ्या कागदाचं काय झालं, ते सांगते. प्रतिज्ञापत्र करा, असं त्या टेबलापलीकडच्या बाईंनीच सुचवलं. लग्नाला हजर असलेल्या दोघांची साक्ष हवी. बाबांच्या बरोबरीचं फारसं कुणी उरलं नव्हतं. परभणीहून आत्या आली, गुडघ्यांना पट्टे बांधून, रात्रीच्या गाडीनं. दुसरी साक्षीदार जिंतूरची, आईची शाळेतली मैत्रीण. तिच्या तोंडी अजून आईचं चार अक्षरी नाव होतं. दारातूनच तिनं त्या नावानं हाक मारली आणि आई आतून "ओ" देऊन बाहेर आली. मी ते नाव घरात पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकलं.

वकिलानं आत्याला विचारलं, "तुम्ही लग्नात होतात?"

"होते म्हणजे? करवली मीच होते. चौदा वर्षांची. कऱ्हा धरून हात दुखला माझा."

"आणि नाव बदललं ते तुम्ही पाहिलं?"

आत्या हसली. "ताट मीच आत नेलं ना! त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात केला. वहिनी, आठवतं?"

आई म्हणाली, "वन्सं, मला कुठलं आठवायला. मी रडत होते."

वकिलानं मान खाली घालून लिहिलं. अमुक, माहेरचं नाव तमुक, ही एकच व्यक्ती. आत्यानं सही केली. मैत्रिणीनं केली. आईपुढे कागद आला तेव्हा तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "कुठली करू?"

वकील म्हणाला, "दोन्ही करा, आजी."

नेहमीची सही तिनं झटकन केली. दुसरीला वेळ लागला. अट्ठावन्न वर्षांनी ती ते नाव लिहीत होती. तिसरं अक्षर लिहून ती थांबली, मग वेलांटी दिली, मग चौथं लिहिलं. वळण शाळेतल्या मुलीचं होतं.

पेन्शन दोन महिन्यांनी सुरू झाली. आजोबांची वही मी पुन्हा पेटीत ठेवली. ठेवण्याआधी लग्नखर्चाच्या पानावर, त्या पातळांच्या ओळीशेजारी, पेन्सिलीनं आईची दोन्ही नावं लिहिली. आजीचं माहेरचं नाव आत्याला विचारून घेतलं, तेही लिहिलं. पणजीचं आत्यालाही ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी वही असेल तर आजच काढा, आणि ज्यांना ती नावं तोंडपाठ आहेत त्या आत्या-मावश्या आहेत तोवर विचारून घ्या. पणजीसाठी मी वहीत एक ओळ मोकळी सोडली आहे.